घरचं बीपी मशीन : ग्वाल्हेरच्या घरात त्याचा आकडा किती खरा?

दंडावर पट्टा गुंडाळायचा, एक बटण दाबायचं आणि पाऊण मिनिटात आकडे वाचायचे, अशा साध्या डिजिटल बीपी मशीनचं हे परीक्षण आहे. ग्वाल्हेरच्या कंपू भागात जयारोग्य रुग्णालयाच्या आसपासच्या औषध दुकानांत हा प्रकार साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतो. आमचं मत आधीच सांगतो. यंत्र घेण्यासारखं आहे, पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो खोक्यातल्या पट्ट्यासाठी, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. मात्र यंत्राच्या बरोबरीने घराचंही परीक्षण करावं लागतं. खुर्ची कशी आहे, खोली किती गार आहे, समोर कोण बसलंय, भाजीत मीठ कोण घालतं, या सगळ्याचा त्या पडद्यावरच्या आकड्यात वाटा असतो. एकाच माणसाचा एकाच सकाळचा आकडा या कारणांनी १०-१५ अंक इकडेतिकडे सहज जातो आणि दोष मात्र यंत्राच्या माथी मारला जातो.

डॉक्टर नळी कानाला लावून ठोके ऐकतात तसं हे यंत्र ऐकत नाही. पट्ट्यात हवा भरली की दंडातली रक्तवाहिनी दाबली जाते. दाब बदलत असताना तिच्या स्पंदनाने पट्ट्यातल्या हवेत बारीक थरथर उठते. यंत्र ही थरथर टिपतं आणि तिच्यावरून गणिताने वरचा व खालचा आकडा काढतं. म्हणून मूठ आवळली, हात हलला, खोकला आला, मधेच कुणाला हाक मारली, की ती हालचालही थरथरीत मिसळते. मग यंत्र चूक दाखवतं किंवा, त्याहून वाईट, चुकीचा आकडा बिनदिक्कत दाखवतं. ज्यांच्या हृदयाचे ठोके मुळातच अनियमित आहेत त्यांनी एका रीडिंगवर विसंबू नये, तीन घेऊन सरासरी काढावी. बऱ्याच यंत्रांत अनियमित ठोक्यांची खूण उमटते. ती पुन्हा पुन्हा दिसली तर बिघाड समजून मशीन बदलायला पळू नका, आधी ईसीजी काढून घ्या.

आता पट्ट्याबद्दल. खोक्यात येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दुकानात विचारलं की उत्तर येतं, "सबको आ जाता है". गुंडाळला जातो हे खरं, पण योग्य मोजतो असं नाही. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागावर यायला हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा लागते आणि आकडा फुगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हे नीट मोजलं गेलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांना मध्यम पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी पाचएक अंकांनी जास्त आला, आणि त्याहून मोठ्या मापाचा पट्टा लागणाऱ्यांत तो जवळजवळ २० अंकांनी जास्त आला. वीस अंक म्हणजे निरोगी माणसाला गोळी सुरू होण्याइतका फरक. उलट, वजन उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या काडीसारख्या दंडाला मध्यम पट्टा लावला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि सगळे निर्धास्त राहतात.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी शिवणकामाची टेप घ्या. हात सैल सोडा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध दंडाचा घेर मोजा आणि कागदावर लिहा. घरात जितक्यांचं बीपी मोजायचं तितक्यांचं माप घ्या. कुणाचंही ३२ च्या वर गेलं तर २२ ते ४२ सेंटिमीटरचा रुंद पल्ल्याचा पट्टा ज्याच्या बरोबर येतो ते मॉडेल मागा, नाहीतर त्याच कंपनीचा मोठा पट्टा वेगळा घ्या. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळीत बसला तरी वापरू नका, कारण यंत्राचं गणित स्वतःच्या पट्ट्यावर बेतलेलं असतं. खोकं दुकानातच उघडून बघा, बिलावर तारीख आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. मॉडेलची अचूकता स्वतंत्रपणे तपासली गेली आहे का हे 'स्ट्राइड बीपी' नावाच्या आंतरराष्ट्रीय यादीत मोबाइलवर बघता येतं. दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा ही यादी बघणं बरं.

मनगटावर बांधायचं यंत्र दिसायला सुटसुटीत असतं, पण घरासाठी आम्ही ते सुचवत नाही. मनगट हृदयाच्या पातळीपासून थोडं जरी खालीवर झालं तरी आकडा हलतो आणि रोज तीच पातळी साधणं वयस्कर माणसाला जमत नाही. दंड इतका जाड आहे की कुठलाच पट्टा बसत नाही, अशा वेळी तेवढं ते ठीक.

यंत्र घरी आलं की पहिला प्रश्न खुर्चीचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत सकाळचं बसणं दिवाणावर, पलंगाच्या काठावर किंवा देवापुढे पाटावर मांडी घालून. तिन्ही जागा बीपी मोजायला वाईट. पाठीला आधार नसला, पाय लोंबकळत असले किंवा एकावर एक टाकले असले की आकडा काही अंकांनी चढतो. हाताचा मुद्दा याहून मोठा आहे. २०२४ च्या एका अभ्यासात हात मांडीवर ठेवल्यावर वरचा आकडा सुमारे चारने आणि बाजूला नुसता सोडल्यावर साडेसहाने जास्त आला. तेव्हा पाठ टेकेल अशी हात नसलेली साधी खुर्ची, शेजारी जेवणाचं टेबल, टेबल बुटकं असेल तर कोपराखाली घडी घातलेली चादर. पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्यावर यायला हवा. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळग्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, नळी आतल्या बाजूने तळहाताकडे, आणि पट्टा व दंड यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतपत घट्ट.

ही खुर्ची आणि हे टेबल कायमचं ठरवा आणि यंत्र टेबलावरच ठेवा. कपाटात, खोक्यात, पिशवीत घालून ठेवलेलं यंत्र दोन आठवड्यांत विसरलं जातं. लोक याला आळस म्हणतात, पण बहुतेक वेळा दोष यंत्राच्या जागेचा असतो. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यानंतर आणि चहा, गोळी, पूजा यांच्या आधी मोजायचं, असं एका ठरलेल्या कामाला जोडून टाकलं की आठवण ठेवावी लागत नाही. लघवी तुंबलेली असताना आकडा वाढतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. चहा, तंबाखू, विडी यांच्यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. फूलबाग किंवा कटोराताल भागात फिरून आल्यावर लगेच मोजलेलं रीडिंगही कामाचं नाही, तिथेही अर्धा तास थांबा.

ग्वाल्हेरचं हवामान ही या यंत्राची खरी परीक्षा. माहितीपत्रकात वापराचं तापमान बहुधा १० ते ४० अंश दिलेलं असतं. इथे जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे-जूनमध्ये दुपारी ४५ च्या वर चढतो, म्हणजे दोन्ही टोकांना शहर या पल्ल्याबाहेर जातं. दगडी भिंती, उंच छत आणि मधे उघडा चौक असलेल्या घरात हिवाळ्याच्या सकाळी खोलीही बरीच गार असते. यंत्र रात्रभर त्या खोलीत राहिलं असेल तर मोजण्याआधी थोडा वेळ ऊबदार जागी ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत ते ठेवू नका, नळीचं रबर तडकतं.

हवामानाचा परिणाम यंत्रापेक्षा शरीरावर जास्त होतो. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं. हिवाळ्यात वरचा आकडा उन्हाळ्यापेक्षा सरासरी पाचएक अंकांनी जास्त असतो, आणि गार खोलीत राहणाऱ्या वृद्धांत फरक याहून मोठा असू शकतो. त्यात इथली आणखी एक अडचण, स्वेटर. डाव्या हाताची बाही वर सरकवून दंडावर तिची गुंडाळी करायची आणि खाली पट्टा बांधायचा, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. ती गुंडाळी दंडाला आवळते आणि रीडिंग बिघडतं. स्वेटरची एक बाही पूर्ण काढा, अंगावर शाल घ्या आणि शालीतून फक्त तो दंड बाहेर काढा. आत पातळ सुती बाही राहिली तर चालेल. खोलीत आधी दहा-पंधरा मिनिटं हीटर लावता आला तर उत्तम. कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, तिचा धूर जिवावर बेततो.

हिवाळ्यातच सर्दीच्या गोळ्या घरात येतात. नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलएफ्रिनसारखं औषध असतं, ते रक्तवाहिन्या आकसवतं. गुडघेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. आकडा अचानक चढला तर मशीनवर शंका घेण्याआधी औषधांचा डबा तपासा.

उन्हाळ्यात उलटं होतं. घाम, कमी पाणी, पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि वरून लघवी वाढवणारी गोळी, यामुळे आकडा घसरतो. खाटेवरून उठताना चक्कर येत असेल तर बसून एक रीडिंग घ्या, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. जवळ कुणीतरी धरायला असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. जागतिक उच्च रक्तदाब दिन १७ मे रोजी असतो आणि तपासणीची शिबिरंही त्या सुमाराला भरतात, म्हणजे ग्वाल्हेरच्या ऐन उन्हाळ्यात. मेमध्ये शिबिरात 'नॉर्मल' ठरलेल्या माणसाने डिसेंबरात घरी आठवडाभर मोजलंच पाहिजे, असं आमचं ठाम म्हणणं आहे.

आता माणसं. मोजताना घरातले चार जण भोवती जमतात आणि पट्टा सुटायच्या आत विचारतात, "बाबा, किती आलं?" बाबा उत्तर देतात. मोजणी चालू असताना बोलल्याने वरचा आकडा दहापर्यंत वाढू शकतो, आणि काळजीच्या चेहऱ्यांनी घेरलेल्या माणसाला ताण येतो तो वेगळाच. म्हणून आधी पाच मिनिटं शांत बसणं, टीव्ही बंद, मोबाइल दूर, मदतीला एकच माणूस, आणि त्यानेही आकडा वहीत लिहून झाल्यावरच बोलायचं. रस्त्यावर दार उघडणारं घर असेल तर आतल्या खोलीत मोजा. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत बँड-डीजे वाजला असेल, झोप झाली नसेल, तर सकाळच्या आकड्यापुढे तशी नोंद करा. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. अनेक घरांत यंत्र आणलं जातं ते बाबांसाठी किंवा आजोबांसाठी. पट्टा बांधते, वही लिहिते, गोळी हातात देते ती आई किंवा सून, आणि तिचा स्वतःचा दंड कधी मोजला जात नाही. तिला होणारी डोकेदुखी कामाच्या खाती जमा होते, आणि ज्यांना काहीच होत नाही त्यांना मोजण्याचं कारणही दिसत नाही. उच्च रक्तदाबाला बहुतेकदा काहीच लक्षण नसतं, हेच त्यातलं वाईट. वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लिहा, महिन्यातून एकदा सगळ्यांचं मोजा. यंत्रात एकाच व्यक्तीच्या नोंदींची सोय असेल तर त्या स्मृतीवर भिस्त ठेवू नका, नवरा-बायकोचे आकडे एकमेकांत मिसळतात. वही खरी.

या यंत्राचा एक धोका कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो. गोळी चालू असताना आकडा १२५ वर ८० येतो आणि माणूस म्हणतो, बीपी गेलं, आता गोळी कशाला. आकडा उतरला आहे तो गोळीमुळे. बंद केली की काही दिवसांत परत चढतो आणि तेव्हा कुणी मोजत नसतं. घरात यंत्र आणताना हे वाक्य सगळ्यांसमोर स्पष्ट बोलून ठेवा, कारण गोळी सोडण्याचा निर्णय बहुतेकदा एकट्याचा नसतो. शेजारी, साडू, सकाळचे फिरण्याचे सोबती यांच्या सल्ल्याने तो होतो.

उलट टोकाला दिवसातून दहा वेळा मोजणारे असतात. आकडा जास्त आला की घाबरून लगेच पुन्हा मोजतात, भीतीने तो आणखी चढतो, मग पुन्हा. त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठी रीत एकच. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस मोजा. सकाळी दोन, संध्याकाळी जेवणाआधी दोन, दोन रीडिंगमध्ये एक मिनिट अंतर. सात दिवसांची २८ रीडिंग होतात. पहिल्या दिवसाची चार सोडून द्या, कारण नवखेपणाने ती जास्त येतात, आणि उरलेल्या २४ ची सरासरी काढा. घरच्या सरासरीसाठी सीमा १३५/८५ आहे, दवाखान्यातल्या आकड्यासाठी १४०/९०. हा फरक ठाऊक नसल्याने १३८ ला 'ठीक आहे' म्हणून सोडून दिलं जातं. अगदी पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा आणि पुढे ज्याचं जास्त येतं तोच हात धरा. दोन हातांत नेहमीच दहाहून जास्त फरक येत असेल तर तो डॉक्टरांना दाखवा.

एरवी, गोळी बदलली नसेल आणि तब्येत स्थिर असेल, तर आठवड्यातून एक-दोन दिवस मोजणं पुरे.

एखाद्या वेळी १८०/१२० च्या वर आकडा आला आणि बरोबर छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं किंवा दिसेनासं होणं यांपैकी काही असेल तर दुसरं रीडिंग घेत बसू नका, १०८ ला फोन करा. लक्षण काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आणि तरीही तितकाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

वहीतली सरासरी खाली आणायची म्हटलं की बोलणं मिठावर येतं, आणि मीठ ही एकट्या माणसाची बाब नाही. आमटीचं पातेलं एकच असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर. चौघांच्या घराला महिन्याला जास्तीत जास्त ६०० ग्रॅम. आता घरातलं एक किलोचं पाकीट किती दिवसांत संपतं ते बघा. महिन्यात संपत असेल तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर झालं, थोडं सांडलं-वाया गेलं धरूनही मर्यादेपलीकडेच. त्यात पोह्यांवरची शेव, नाश्त्याची कचोरी, दालमोठ, पापड, लोणचं यांतलं मीठ धरलेलंच नाही. पाकिटावर उघडल्याची तारीख पेनने लिहिणं, एवढ्याने स्वयंपाकघरात काय चाललंय ते दिसायला लागतं. बाबांना वेगळी अळणी भाजी देण्याची पद्धत आठवड्याच्या वर टिकत नाही, ते शेजारच्या ताटातून लोणचं उचलतात. सगळ्यांच्याच भाजीतलं मीठ पंधरा दिवसांत थोडं थोडं कमी केलं तर जिभेला सवय होते. मीठदाणी आणि शेवेचा डबा टेबलावरून उचलून आत ठेवला तर निम्मं काम होतं. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

यंत्राचे राहिलेले बारीक दोष असे. स्वस्त मॉडेलांना पडद्यामागे दिवा नसतो, अंधाऱ्या माजघरात वृद्धांना आकडे दिसत नाहीत, म्हणून टेबल खिडकीजवळ हवं. शेवटचंच रीडिंग लक्षात ठेवणारी मॉडेलं आहेत, दोनशे-तीनशे रुपये जास्त देऊन सरासरी काढणारं मिळत असेल तर ते घ्या. चार पेन्सिल सेल लागतात, वीज गेली तरी काम अडत नाही ही जमेची बाजू. सेल उतरत आले की हवा मधेच थांबते किंवा चूक दाखवली जाते, तेव्हा चारही एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा, ते पाझरले की आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. नळी यंत्राभोवती करकचून गुंडाळू नका, मुडपलेल्या जागी ती चिरते. पट्ट्याचा चिकटणारा भाग झिजून हवा भरताना सुटायला लागला की पट्टा बदला, दोऱ्याने बांधून चालवू नका.

वर्षातून एकदा यंत्र डॉक्टरांकडे न्या. तिथल्या आणि आपल्या यंत्राने त्याच हातावर आलटून-पालटून दोन-तीन वेळा मोजून घ्या. पाच अंकांपर्यंतचा फरक चालतो. सतत दहाच्या आसपास येत असेल तर आधी पट्टा बदलून बघा, आणि तरीही फरक राहिला तर कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपीची मोफत तपासणी होते, हीच तुलना तिथे जाऊनही करता येते. जाताना वही बरोबर घ्या.